जुन्या फोनवरून नव्या फोनवर जाताना: काय आधी करावे, काय नंतर

नवा फोन घरी आला की बहुतेक जण आधी सिम काढून त्यात घालतात, मग व्हॉट्सॲप सुरू करतात, आणि निम्मी नावे किंवा जुनी चॅट दिसत नाहीत हे लक्षात येईपर्यंत जुना फोन दुकानदाराने पुसून खोक्यात टाकलेला असतो. यातली कुठलीच कृती चुकीची नसते; चुकतो तो क्रम. म्हणून पुढचे टप्पे त्याच क्रमाने करावेत आणि मधल्या पडताळण्या कंटाळा न करता कराव्यात.

हा लेख अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्यांसाठी आहे. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्यांनी 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच वापरावे, कारण व्हॉट्सॲपच्या चॅट त्या वाटेने न्यायच्या असतील तर आयफोन कोरा किंवा रीसेट केलेला असावा लागतो. पहिल्या चार टप्प्यांतली तयारी मात्र दोघांनाही सारखीच लागू आहे.

## टप्पा १: दिवस ठरवावा आणि एक्स्चेंजची अट नीट वाचावी

या कामाला सलग तीन-चार तास लागतात, घरचे वाय-फाय लागते आणि दोन्ही फोन निम्म्याहून अधिक चार्ज असावे लागतात. दुसऱ्या दिवशी प्रवास आहे, तात्काळ तिकीट काढायचे आहे किंवा वीजबिलाची शेवटची तारीख आहे, असा दिवस निवडू नये. फोन बदलल्यावर पहिला एक दिवस पैशांचे व्यवहार अडखळतात, त्याचे कारण टप्पा ७ मध्ये येईल.

एक्स्चेंजमध्ये फोन घेणाऱ्यांची खरी अडचण इथेच सुरू होते. ऑनलाइन खरेदीत नवा फोन घेऊन येणारा माणूस दारातच जुना फोन ताब्यात घेतो, म्हणजे दोन्ही फोन शेजारी ठेवून काम करायला वेळच मिळत नाही. दुकानातही 'सगळे क्लाउडवर (म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात) असते' असे सांगून दहा मिनिटांत फोन रीसेट केला जातो. माझ्या सासूबाईंचा फोन असाच एका दुकानात रीसेट झाला. घरी आल्यावर नव्या फोनमध्ये बावन्न नावे होती. जुन्यात सहाशेच्या वर होती. दूधवाले, पिठाची गिरणी, गावाकडची भावकी, भजनी मंडळ हे सगळे 'फोन' नावाच्या कप्प्यात साठवलेले होते आणि त्या कप्प्याचा क्लाउडशी काही संबंध नव्हता.

माझे स्पष्ट मत असे आहे की एक्स्चेंजमध्ये मिळणारी किंमत दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास असेल तर तो नाद सोडून जुना फोन घरातच राहू द्यावा. रक्कम मोठी असेल आणि एक्स्चेंज करायचेच असेल, तर टप्पा २ ते ५ नवा फोन येण्याच्या आदल्या दिवशीच पूर्ण करावेत. मग चॅट केबलने किंवा क्यूआर कोडने थेट नेता येणार नाहीत, बॅकअपवरच विसंबावे लागेल. म्हणून त्या बॅकअपची पडताळणी दुप्पट काळजीने करावी.

> सूचना: घेत असलेला फोन वापरलेला असेल तर पैसे देण्यापूर्वी त्यावर *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, पाहावा. 'केवायएम' ही इंग्रजी अक्षरे, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवल्यास फोनची नोंद कळते. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावरही हे पाहता येते. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन यात लगेच ओळखू येतो.

## टप्पा २: आपले गूगल खाते नेमके कोणते, हे शोधावे

हा टप्पा क्षुल्लक वाटतो, पण सर्वाधिक घोटाळे इथेच होतात. अनेकांच्या फोनमधले गूगल खाते फोन घेताना दुकानदाराने घाईघाईत तयार केलेले असते. त्याचा पासवर्ड कुणालाच ठाऊक नसतो, आणि पुढच्या फोनवर पुन्हा नवे खाते उघडले जाते. अशी तीन-तीन खाती साठत जातात आणि नावे एकात, फोटो दुसऱ्यात, व्हॉट्सॲपचा बॅकअप तिसऱ्यात अशी विभागणी होऊन बसते.

जुन्या फोनच्या सेटिंग्जमध्ये 'गूगल' या विभागात जाऊन कोणकोणती खाती आहेत, ती कागदावर लिहून काढावीत. त्यातले एक मुख्य मानावे. त्या खात्याच्या 'सुरक्षा' विभागात रिकव्हरीसाठी दिलेला मोबाईल क्रमांक आजही आपल्याच वापरात आहे का, हे पाहावे आणि पासवर्ड आठवत नसेल तर तो आत्ताच, जुन्या फोनवरूनच बदलून घ्यावा. नव्या फोनवर खाते उघडताना 'हे तुम्हीच आहात का?' असा प्रश्न गूगल जुन्या फोनच्या पडद्यावर विचारते. तो फोन हातात नसेल तर आपल्याच खात्यात शिरणे कठीण होते.

पासवर्ड बदलल्यावर किमान एक दिवस तरी जुना फोन रीसेट करू नये, कारण नवा पासवर्ड बदलल्या-बदलल्या रीसेट केल्यास फोन कुलूपबंद होऊन बसण्याची शक्यता असते.

पडताळणी: संगणकावर किंवा घरातल्या दुसऱ्या फोनच्या ब्राउझरवर हे खाते पासवर्ड टाकून उघडून पाहावे. उघडले, तरच पुढे जावे.

## टप्पा ३: नावे आणि नंबर एका ठिकाणी आणावेत

फोनमधले संपर्क तीन ठिकाणी असू शकतात: सिमकार्डवर, फोनच्या स्वतःच्या साठ्यात किंवा गूगल खात्यात. पडद्यावर तिन्हींची एकत्र यादी दिसत असल्यामुळे सगळे एकाच जागी आहे असा समज होतो. यांपैकी फक्त गूगल खात्यातली नावे खाते उघडताच नव्या फोनवर आपोआप येतात.

१. संपर्कांचे ॲप उघडून सेटिंग्जमध्ये 'सिमवरून आयात करा' हा पर्याय निवडावा आणि आयात कुठे करायचे असे विचारल्यावर मुख्य गूगल खाते निवडावे. सिमवर एका नावाला सहसा एकच नंबर मावतो आणि लांब नावे तुटतात, त्यामुळे सिम ही नावे ठेवण्याची जागा मानू नये.

२. फोनच्या साठ्यातली नावे गूगल खात्यात हलवावीत. काही फोनमध्ये 'संपर्क हलवा' असा सरळ पर्याय असतो. तो नसल्यास 'निर्यात करा' वापरून व्हीसीएफ फाईल (सगळे संपर्क एकत्र असलेली फाईल) तयार करावी आणि तीच फाईल पुन्हा गूगल खात्यात आयात करावी. या वाटेने काही नावे दोनदा दिसू लागतात. ती 'एकत्र करा' या पर्यायाने जोडता येतात, त्यामुळे घाबरून हाताने पुसायला जाऊ नये.

३. ती व्हीसीएफ फाईल स्वतःच्याच ईमेलवर पाठवून ठेवावी.

पडताळणी: संगणकावर गूगल काँटॅक्ट्स उघडून एकूण आकडा फोनमधल्या आकड्याशी ताडून पाहावा. मग अगदी घरगुती अशी चार नावे, म्हणजे गॅस एजन्सी, रिक्षावाले, शाळेची बस, डॉक्टर, शोधून पाहावीत. आकडा जुळला तरी हे करावे.

## टप्पा ४: फोटो, कागदपत्रे आणि कुणाच्या ध्यानात न राहणाऱ्या फायली

गूगलच्या विनामूल्य खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. १ जून २०२१ पासून गूगल फोटोंवर चढवलेले नवे फोटो याच जागेत मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही. जागा भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. फोन वाजून काही सांगत नाही. म्हणून गूगल फोटोंमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर टॅप करून 'बॅकअप पूर्ण' असे लिहिलेले आहे का, हे पाहावे.

मात्र 'पूर्ण' याचा अर्थ कॅमेऱ्याचे फोटो चढले एवढाच असतो. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट आणि डाउनलोड हे फोल्डर बहुधा मुळातच बंद असतात. बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन हवे ते फोल्डर चालू करावे लागतात. जागा अपुरी असेल तर क्लाउडचा हट्ट धरू नये. केबलने फोन संगणकाला जोडून फोटोंचे फोल्डर उतरवून घेणे हा साधा आणि भरवशाचा उपाय आहे.

क्लाउडवर आपोआप न जाणाऱ्या आणि म्हणून हमखास हरवणाऱ्या गोष्टी अशा: व्हॉइस रेकॉर्डरमधली ध्वनिमुद्रणे, कॉल रेकॉर्डिंग, फोन कंपनीच्या स्वतःच्या नोट्स ॲपमधल्या नोंदी, आणि डाउनलोडमधले पीडीएफ, ज्यांत सातबारा, विम्याची पॉलिसी, मुलांचे दाखले असे सगळे असते. आजीच्या आवाजातल्या ओव्या रेकॉर्डरमध्ये राहून जातात आणि वर्षभराने आठवतात. या फायली हाताने शोधून संगणकावर किंवा ड्राइव्हवर ठेवाव्यात. मेमरी कार्ड असेल तर नव्या फोनला त्याची खाच आहे का, हे आधीच पाहावे. बऱ्याच नव्या फोनना ती नसते.

> धोका: फोन दुसऱ्याच्या हाती जाणार म्हणून त्यातले फोटो एकेक करून पुसण्याची सवय घातक आहे. गूगल फोटोंमध्ये फोनवरून पुसलेला फोटो क्लाउडवरूनही पुसला जातो आणि नव्या फोनवरूनही नाहीसा होतो. असे घडलेच तर ॲपमधल्या 'बिन'मध्ये पाहावे. बॅकअप झालेले फोटो तिथे ६० दिवस राहतात. फोन कोरा करण्याची योग्य रीत टप्पा ८ मध्ये आहे.

## टप्पा ५: जुन्या फोनला बांधलेल्या गोष्टी सोडवाव्यात

काही गोष्टी खात्यात नव्हे, तर त्या विशिष्ट फोनमध्येच राहतात. त्या जुन्या फोनवरूनच सोडवाव्या लागतात.

यूपीआय लाईट. पिन न टाकता लहान रकमा देण्यासाठी यात ठेवलेली शिल्लक त्या फोनशी जोडलेली असते. फोन बदलण्यापूर्वी ॲपमध्ये जाऊन लाईट खाते बंद करावे म्हणजे शिल्लक बँक खात्यात परत येते. आधी फोन रीसेट केला तर ही रक्कम मिळवण्यासाठी बँकेकडे पाठपुरावा करत बसावे लागते.

ऑथेंटिकेटर. ईमेल, शेअर खाते किंवा कार्यालयाच्या कामासाठी दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी कोड वापरत असाल, तर गूगल ऑथेंटिकेटरमध्ये 'खाती हस्तांतरित करा' हा पर्याय आहे. जुन्या फोनवर क्यूआर कोड दिसतो, तो नव्या फोनने स्कॅन करायचा. २०२३ पासून हे कोड गूगल खात्याशी जोडूनही ठेवता येतात; नवा फोन अजून हाती नसेल तर हीच वाट धरावी. तशी जोडणी नसेल आणि फोन पुसला गेला, तर प्रत्येक सेवेकडे स्वतंत्रपणे ओळख पटवून द्यावी लागते.

व्हॉट्सॲपचा बॅकअप. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप असे जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात: बॅकअप कोणत्या गूगल खात्यावर जातो, शेवटचा बॅकअप केव्हा झाला, आणि व्हिडिओ त्यात धरले आहेत की नाहीत. 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू असेल तर त्याचा पासवर्ड किंवा ६४ आकडी-अक्षरी किल्ली लागेलच. आठवत नसेल तर तो पासवर्ड जुन्या फोनवरूनच बदलावा. तसेच 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन आठवतो का, तेही पाहावे. तो विसरला असेल आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावे लागू शकते.

डिजिलॉकरमधली कागदपत्रे सर्व्हरवर असतात, त्यांची चिंता नको. फक्त सहा आकडी पिन लक्षात असावा.

## टप्पा ६: नवा फोन सुरू करावा, सिम अजून जुन्यातच ठेवावे

नवा फोन सुरू केल्यावर तो वाय-फायला जोडून, 'जुन्या फोनमधून डेटा आणायचा का?' या प्रश्नाला होकार द्यावा. हा पडदा घाईत 'वगळा' म्हणून ओलांडला जातो आणि मग काही फोनवर तो परत आणण्यासाठी नवा फोनच रीसेट करावा लागतो. शक्य असेल तर दोन्ही फोन टाइप-सी केबलने जोडावेत. वाय-फायनेही काम होते, पण मोठा साठा असेल तर मध्येच तुटते. सॅमसंगचे स्मार्ट स्विच, विवोचे ईझीशेअर अशी कंपन्यांची ॲपही चालतात.

या वाटेने एसएमएस, कॉलची यादी, ॲपची यादी आणि फायली येतात. बँकांची ॲप पुन्हा बसतात, पण त्यांतली नोंदणी येत नाही, आणि ती येऊ नये हेच योग्य आहे.

यानंतर व्हॉट्सॲप. दोन्ही फोन हातात असतील तर क्यूआर कोडची वाट सर्वांत चांगली, कारण तिला गूगलची जागा लागत नाही. दोन्ही फोनचे वाय-फाय आणि लोकेशन चालू करावे. नव्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये तोच क्रमांक टाकावा; ओटीपी जुन्या फोनमधल्या सिमवर येईल, तो नव्यात टाकावा. नंतर जुन्या फोनमधून चॅट आणण्याचा पर्याय निवडला की नव्या फोनवर क्यूआर कोड येतो. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, 'ट्रान्सफर चॅट्स' असे जाऊन तो स्कॅन करावा. कॉलची यादी आणि पैसे दिल्याचे संदेश या वाटेने येत नाहीत.

बॅकअपची वाट धरणाऱ्यांनी नव्या फोनवर आधी तेच गूगल खाते जोडलेले असल्याची खात्री करावी. बॅकअप सापडला की 'रिस्टोअर' विचारले जाते, आणि ही संधी क्रमांक नोंदवतानाच मिळते.

> चुकून 'स्किप' दाबले गेले तर: कुणालाही संदेश पाठवू नये आणि 'बघू उद्या' असे म्हणू नये. व्हॉट्सॲप पहाटे दोनच्या सुमारास आपोआप बॅकअप घेते, आणि तो रिकामा बॅकअप ड्राइव्हवरच्या जुन्या बॅकअपची जागा घेऊ शकतो. ॲप तत्काळ काढून टाकून पुन्हा बसवावे, क्रमांक पुन्हा नोंदवावा आणि या वेळी 'रिस्टोअर' दाबावे.

पडताळणी: सर्वांत जुनी चॅट उघडून वरपर्यंत जावे, आणि एखादा जुना फोटो प्रत्यक्ष उघडून पाहावा. धूसर चौकोन दिसत असतील तर माध्यमे अजून उतरत आहेत. वाय-फाय चालू ठेवून रात्रभर थांबावे.

## टप्पा ७: आता सिम हलवावे आणि यूपीआय सुरू करावे

यूपीआयची नोंदणी म्हणजे आपला फोन, सिम आणि बँक खाते यांची एकत्र बांधणी असते. त्यासाठी ॲप आपल्या सिमवरून एक एसएमएस स्वतः पाठवते. इथे आपल्याकडे एसएमएस येत नाही, आपल्याकडून जातो. त्यामुळे बँकेत नोंदवलेल्या क्रमांकाचे सिम नव्या फोनमध्ये असावे, त्यावर एसएमएस पाठवण्याची सोय किंवा शिल्लक असावी, आणि ॲपने मागितलेली एसएमएस व फोनची परवानगी द्यावी. दोन सिम असतील तर योग्य ते सिम निवडावे. नोंदणी वारंवार फसत असेल तर वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर पुन्हा प्रयत्न करावा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

पूर्वीचा यूपीआय पिनच चालतो, नवा लावण्याची गरज नसते. पिन चुकीचा टाकून पाहत बसू नये. नव्या फोनवर पहिले २४ तास व्यवहाराची मर्यादा साधारण ५००० रुपये असते, त्यामुळे घरभाडे किंवा शाळेची फी आदल्या दिवशीच भरून टाकावी.

बँकांच्या स्वतःच्या ॲपमध्ये यानंतर एकेक करून नोंदणी करावी. या सगळ्यासाठी दुकानातल्या मुलाच्या हातात उघडा फोन आणि पिन देऊ नये, तो कितीही ओळखीचा असला तरी.

> ई-सिम घेणाऱ्यांसाठी: साधे सिम एका फोनमधून काढून दुसऱ्यात घातले तर काही अडत नाही. मात्र सिम बदलून घेतले किंवा त्याचे ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच चालणारे सिम) केले, तर फसवणूक टाळण्यासाठी २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. त्या काळात ओटीपी येत नाही आणि यूपीआयची नोंदणीही होत नाही. म्हणून ई-सिमचे काम फोन बदलण्याच्या दिवशी काढू नये. आठवडाभराने सवडीने करावे.

## टप्पा ८: आठ दिवसांनी जुना फोन पुसावा

जुना फोन ताब्यात राहणार असेल तर आठ दिवस तो बंद करून ड्रॉवरमध्ये ठेवावा. राहिलेली गोष्ट याच आठवड्यात आठवते: कुणाला सोसायटीच्या गेटचे ॲप, कुणाला नोट्समधला लॉकरचा क्रमांक.

मग पुढील क्रमाने जावे.

१. सिम आणि मेमरी कार्ड काढावे. ट्रेमध्ये कार्ड राहून जाणे ही नेहमीची चूक आहे.

२. सेटिंग्जमधल्या 'खाती' विभागातून गूगल खाते काढून टाकावे. फोन कंपनीचे, म्हणजे सॅमसंग किंवा शाओमीचे, खाते असेल तर तेही. ही खाती तशीच राहिली आणि फोन बटणे दाबून रीसेट केला, तर सुरू होताना तो जुन्या मालकाचा पासवर्ड मागतो आणि विकत घेणाऱ्याचा फोन येतो.

३. स्क्रीन लॉक काढावे.

४. सेटिंग्ज, सिस्टीम, रीसेट असे जाऊन 'सर्व डेटा पुसा' निवडावे. गूगल फोटोंना हात लावू नये.

५. स्वागताचा पहिला पडदा दिसला की फोन बंद करावा. पुढे जाऊन 'तपासण्यासाठी' पुन्हा आपलेच खाते टाकू नये.

नव्या फोनवरून गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात 'तुमची डिव्हाइस' ही यादी उघडून जुन्या फोनचे नाव काढून टाकावे. जुन्या फोनचा आयएमईआय, तो कुणाला आणि कोणत्या तारखेला दिला हे त्याच्या मूळ पावतीच्या मागे लिहून ठेवावे, आणि घेणाऱ्याकडून सहीची पोच घ्यावी. नव्या फोनचा आयएमईआय खोक्यावर छापलेला असतो. खोके रद्दीत जाण्यापूर्वी त्याचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावा, कारण फोन चोरीला गेल्यावर तो फोटो त्याच फोनमध्ये असून उपयोग नसतो.